कास्ट आयर्न बुलेटचे टॅपेट घरच्या घरी कसे लावायचे

वडिलांची 1986 ची बुलेट 350 माझ्याकडे आली तेव्हा तिच्याबद्दल माझी एकच तक्रार होती, टॅपेटच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायला लावणाऱ्या भागांच्या आवाजाची. इंजिनाच्या उजव्या बाजूने सतत टिक-टिक-टिक. मी गाडी एका गॅरेजला दिली आणि सांगितलं, हा आवाज बंद करा. त्यांनी तो पूर्ण बंद करून दिला. दोन महिन्यांनी मुंबईहून परत येताना कसारा घाटात गाडी धाप टाकायला लागली. थ्रॉटल पूर्ण उघडला तरी ओढ नाही, सायलेन्सरमधून फट-फट आवाज. कशीबशी इगतपुरी गाठली आणि तिथून टेम्पोत टाकून नाशिक. हेड उघडलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड एका बाजूने जळून खाल्लेली.

ते हेड ज्यांनी उघडलं ते भद्रकालीतले एक वयस्कर मिस्त्री, सगळे त्यांना चाचाच म्हणतात. व्हॉल्व्ह हातात देत ते म्हणाले, "भाऊ, ही गाडी बोलतेय तोवर ठीक. गप्प झाली की घाबरायचं." आवाज जावा म्हणून टॅपेट इतके आवळले होते की व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे हेडमधल्या त्याच्या बैठकीवर, पूर्ण बसतच नव्हता. त्या दिवसापासून माझ्या गाडीचे टॅपेट मीच लावतो. चाचांनी समोर बसवून दोनदा करून घेतलं, तिसऱ्यांदा मी एकट्याने केलं. जुनी बुलेट नुकतीच घेतलेल्या किंवा घरातल्या मोठ्यांकडून मिळालेल्या माणसाला हे काम फार गूढ वाटतं. तसं ते नाही, पण ते नीट क्रमाने करावं लागतं.

1. आधी बघा, तुमच्या गाडीला हे काम लागतं का

हा लेख फक्त जुन्या कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटसाठी आहे. 346 सीसी, 70 मिमी बोअर, 90 मिमी स्ट्रोक, सिलिंडर ओतीव लोखंडाचा. 1955 मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया सुरू झाली तेव्हापासून 2010 च्या आसपासपर्यंत या इंजिनाचा मूळ आराखडा तोच राहिला. त्यात कॅम खाली, टायमिंग केसमध्ये असतो. कॅम टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड हेडमधल्या रॉकरला आणि रॉकर व्हॉल्व्हला खाली दाबतो. या साखळीत किती खेळ, म्हणजे मोकळी जागा, ठेवायचा ते पुशरॉडच्या खालच्या टोकाला ठरवतात. म्हणून आपण 'टॅपेट लावणं' म्हणतो ते प्रत्यक्षात पुशरॉडची लांबी कमी-जास्त करणं असतं.

2009 च्या सुमारास आलेल्या यूसीई (युनिट कन्स्ट्रक्शन) इंजिनात पुशरॉड आहेत, पण टॅपेट हायड्रॉलिक. तेलाच्या दाबाने खेळ आपोआप भरून निघतो, हाताने लावायला काही नाही. 2020 मध्ये मेटिऑर 350 या मॉडेलपासून आलेल्या नव्या 349 सीसी इंजिनात तर कॅमच वर हेडमध्ये गेला, पुशरॉड उरलेच नाहीत. एव्हीएल नावाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिनाची गाडी असेल तर तीही इथे धरू नका.

ओळखायची सोपी खूण म्हणजे गाडीच्या उजव्या बाजूला सिलिंडरच्या बुडाशी, मधोमध एकच नट असलेलं छोटं झाकण. तेच टॅपेट कव्हर. ते दिसलं तर पुढे वाचा.

2. आवाज खरंच टॅपेटचा आहे का

थोडा आवाज असणारच. या इंजिनात तो दोष नाही. पण हलकी, एकसारखी टिकटिक आणि मोठी खणखण यात फरक आहे. टॅपेटचा आवाज इंजिनाच्या निम्म्या वेगाने येतो, कारण कॅम क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच फिरतो. आयडलला कान देऊन ऐकलं तर तो इंजिनाच्या ठोक्याबरोबर एकेक करत मोजता येतो. लोड पडल्यावर, चढावर वाढणारा आवाज बहुतेक वेळा पिस्टनचा किंवा इग्निशन टायमिंगचा असतो, त्याला टॅपेट लावून काही होत नाही.

उलट बाजूची लक्षणं जास्त महत्त्वाची. आवाज आपोआप कमी झाला, सकाळी गाडी सुरू व्हायला त्रास होतो, किकला पूर्वीसारखा विरोध लागत नाही, आयडल टिकत नाही, तर टॅपेट आवळले गेले असण्याची शक्यता धरा. वर्षानुवर्षं चालून व्हॉल्व्ह सीटमध्ये थोडा थोडा खोल बसत जातो, त्यामुळे व्हॉल्व्हचं वरचं टोक उचलतं आणि खेळ कमी होतो. म्हणजे कुणी हात न लावताही टॅपेट टाइट होऊ शकतात, आणि ते होताना गाडी आवाज करत नाही.

डीकॉम्प्रेशनची (किक मारताना सिलिंडरमधला दाब सोडणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हची) केबलही बघून घ्या. हँडलवरच्या त्या लिव्हरला थोडा ढिलेपणा हवाच. केबल ताणलेली असेल तर डीकॉम्प्रेसर किंचित उघडा राहतो आणि कॉम्प्रेशन गळतं. लक्षणं हुबेहूब टाइट टॅपेटसारखी. माझ्या ओळखीच्या एकाने यापायी तीनदा टॅपेट उघडले होते.

3. काय काय लागेल

टॅपेटचे पातळ पाने, दोन तरी. साधा पाना जाड असतो, तो एकावर एक बसलेल्या नटांमध्ये शिरत नाही. जुन्या गाडीच्या टूलकिटमध्ये हे पाने मिळायचे. तुमच्याकडे नसतील तर बुलेटचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात 'टॅपेट पाना' मागा. या गाड्यांवर जुन्या ब्रिटिश मापाचे नट खूप आहेत, त्यामुळे घरातला मिलिमीटरचा पाना जवळपास बसतो पण पूर्ण बसत नाही. असा 'चालेल' वाटणारा पाना वापरू नका. या जागी नटाचे कोपरे एकदा गेले की पुढचं प्रत्येक टॅपेट सेटिंग दुखणं होतं. दुकानात जाताना शक्य असेल तर गाडी घेऊन जा आणि पाना बसवून बघूनच घ्या.

मी अंबडला मशीनशॉपमध्ये कामाला आहे, त्यामुळे माझे पाने मी स्वतः ग्राइंडरवर घासून पातळ केले. तुम्हीही करू शकता. घासताना दर काही सेकंदांनी पाण्यात बुडवा, लोखंड निळं पडू देऊ नका. निळं पडलं की पान्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, गेलं, मग तो नटावर वाकतो.

याशिवाय प्लग पाना, टॅपेट कव्हरच्या नटाला बसणारा पाना, स्वच्छ सुती फडकी, थोडं रॉकेल किंवा डिझेल, प्लास्टिकची एक स्ट्रॉ, हातातली बॅटरी (टॉर्च), आणि टॅपेट कव्हरचं नवं गॅस्केट. गॅस्केट आधीच आणून ठेवा. जुनं निघताना फाटलं आणि रविवारी दुकान बंद असलं की गाडी सोमवारपर्यंत उभी राहते.

फिलर गेज (फटीचं माप घ्यायच्या पातळ पट्ट्या) यादीत नाही. मोजमाप घेणं हाच माझा रोजचा धंदा असल्यामुळे सुरुवातीला मला हे पटत नव्हतं. पण इथे रॉकर आणि व्हॉल्व्हमध्ये ठेवलेला आकड्यातला गॅप नसतो. खेळ गोळी आणि वाटी अशा सांध्यात असतो, तिथे पट्टी शिरत नाही. मोजायचं बोटांनीच.

4. गाडी रात्रभर उभी राहू द्या

टॅपेट फक्त थंड इंजिनावर लावायचे. कोमट नाही, थंड. सिलिंडरच्या फिन्सना हात लावल्यावर हाताला गार लागलं पाहिजे. मी सकाळी साडेसहाला बसतो. नाशिकचा हिवाळा यासाठी फार सोयीचा, उन्हाळ्यातही पहाटे काम उरकतं.

कारण असं. इंजिन तापलं की सिलिंडर आणि हेड वरच्या दिशेने वाढतात. पुशरॉडही वाढतात, पण ते सिलिंडरइतके तापत नाहीत. त्यामुळे गरम इंजिनात खेळ थोडा वाढलेला दिसतो. गरम असताना तुम्ही तो काढून टाकला, तर रात्री गाडी थंड झाल्यावर सिलिंडर आपल्या मापावर येतो आणि पुशरॉड व्हॉल्व्हला टेकूनच राहतो. सकाळी किक मारून मारून पाय दुखतात आणि कारण कळत नाही. रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये गाडी चालवत नेली आणि पाच मिनिटांत टॅपेट लावून मिळाले, तर ते चुकीचेच लागले असं समजा. मिस्त्री कितीही हुशार असला तरी.

5. उघडणं

गाडी मेन स्टँडवर, सपाट जागेवर. टॅपेट कव्हरच्या आजूबाजूची माती फडक्याने पुसून घ्या, मगच नट सोडा. गोदाकाठचा असो की गंगापूर रोडचा, रस्त्यावरचा कचरा कॅमवर जाता कामा नये. कव्हर निघताना थोडं तेल सांडेल, खाली फडकं ठेवा. कव्हर चिकटून बसलं असेल तर स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, कव्हर वाकतं आणि मग ते आयुष्यभर गळतं. लाकडी दांड्याने कडेला हलकेच ठोका.

आत दोन पुशरॉडची टोकं दिसतील. प्रत्येकावर तीन षटकोनी भाग एकाखाली एक. वरचा पुशरॉडच्या टोकाचा, मधला लॉकनट, खालचा अ‍ॅडजस्टर. फडक्याने तेल पुसून घ्या. तेलाचा थर असला तर बोटांना खोटा विरोध जाणवतो.

पुढचा रॉड एक्झॉस्टचा, मागचा इनलेटचा. तरी स्वतः खात्री करून घ्या, पद्धत पुढच्या पायरीत आहे.

6. टीडीसी शोधणं, तोही बरोबरचा

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात, म्हणून हे सावकाश वाचा.

टीडीसी (टॉप डेड सेंटर) म्हणजे पिस्टन सर्वांत वर असतो ती जागा. चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन तिथे दोनदा येतो. एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी, तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. आणि एकदा एक्झॉस्टच्या शेवटी, तेव्हा एक्झॉस्ट बंद होत असतो, इनलेट उघडायला लागलेला असतो, म्हणजे दोन्ही थोडे थोडे उघडे. आपल्याला पहिला हवाय. दुसऱ्यावर लावलेत तर दोन्ही रॉड उचललेल्या अवस्थेत तुम्ही खेळ शोधत बसाल, तो मिळणार नाही म्हणून अ‍ॅडजस्टर सैल करत जाल, आणि गाडी सुरू केल्यावर डबा वाजवल्यासारखा आवाज येईल.

प्लग काढा. गाडी टॉप गिअरला टाका आणि मागचं चाक हाताने पुढच्या दिशेने फिरवा. प्लग नसल्यामुळे इंजिन सहज फिरतं. आता डोळे पुशरॉडवर ठेवा. दोन्ही रॉड बराच वेळ स्थिर राहतील. मग एक वर जाईल आणि खाली येईल. तो खाली येता येताच दुसरा वर जाईल. मग तोही खाली येईल आणि पुन्हा दोन्ही बराच वेळ स्थिर. लांब विश्रांतीनंतर जो पहिला हलतो तो एक्झॉस्ट, त्याच्या पाठोपाठ हलतो तो इनलेट. दोन-तीन फेऱ्या फिरवून हे नीट बघून घ्या. मला या दोन मिनिटांत इंजिन जेवढं समजलं तेवढं कुठल्याही आकृतीवरून समजलं नव्हतं.

आता इनलेट खाली येऊन स्थिर झाला की चाक फिरवणं हळू करा. एका हाताचा अंगठा प्लगच्या भोकावर ठेवा, आतून हवा बाहेर ढकलताना जाणवेल. हाच कॉम्प्रेशन स्ट्रोक. मग स्ट्रॉ भोकातून पिस्टनवर टेकवा आणि चाक अगदी हळू फिरवा. स्ट्रॉ वर येत राहील, क्षणभर थांबेल, मग खाली जायला लागेल. थांबते तिथेच टीडीसी. प्लगचं भोक तिरकं असतं, म्हणून स्ट्रॉ घट्ट न धरता सैल धरा. लाकडी काडी किंवा पेन्सिल वापरू नका, तुकडा आत पडला तर हेड उतरवावं लागेल. पुढे निघून गेलात तर मागे ओढत बसू नका, दोन फेऱ्या पूर्ण करून पुन्हा या.

पॉइंटची गाडी असेल (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क असलेली) आणि अँपिअर मीटर चालू असेल तर आणखी एक खूण मिळते. इग्निशन चालू करून इंजिन हळू फिरवलं की पॉइंट बंद असताना काटा डिस्चार्जकडे झुकतो आणि पॉइंट उघडले की मध्यावर परत येतो. पॉइंट ज्यात असतात तो डिस्ट्रिब्युटर कॅमच्या वेगाने फिरतो, म्हणून हे दर दोन फेऱ्यांत एकदाच होतं आणि ते कॉम्प्रेशनच्या टीडीसीच्या जवळच असतं. जुनी माणसं किक मारण्याआधी काट्याकडे बघायची ती याचसाठी. पण हे करताना काढलेला प्लग वायरला लावून सिलिंडरच्या फिन्सवर, प्लगच्या भोकापासून लांब टेकवून ठेवा, आणि काम झालं की इग्निशन लगेच बंद करा, नाहीतर कॉइल तापते.

7. खेळ तपासणं आणि लावणं

काही सोडण्याआधी आहे तो खेळ तपासा. अंगठा आणि तर्जनीमध्ये पुशरॉडचं टोक धरा आणि फिरवा. मग वर-खाली हलवून बघा.

काय हवंय ते आधी पक्कं करा.

इनलेटचा रॉड बोटांनी मोकळा फिरला पाहिजे, पण वर-खाली खेळ जाणवता कामा नये.

एक्झॉस्टचा रॉड मोकळा फिरला पाहिजे आणि वर-खाली अगदी पुसटसा खेळ जाणवला पाहिजे.

एक्झॉस्टला वेगळी वागणूक का? तो व्हॉल्व्ह जळत्या वायूत उभा असतो, तापून त्याची दांडी लांब होते आणि होता तो खेळ खाते. शिवाय तो गार होतो तो मुख्यतः बंद असताना, सीटला टेकून. सीटला टेकलाच नाही तर उष्णता जायला वाट नाही, आणि मग कसारा घाटातली माझी कथा.

'मोकळा' म्हणजे किती मोकळा, हा प्रश्न मला चाचांना चार वेळा विचारावा लागला. शेवटी त्यांनी माझं बोट धरून रॉडवर ठेवलं. ते इथे शक्य नाही, म्हणून एक उपमा देतो, नाशिकच्या माणसाला ती लगेच कळेल. बागेत द्राक्षाचा घड बघताना मणी न तोडता, त्याच्यावरची पांढरी लव न पुसता, बोटांत हलकेच फिरवून बघतो, तेवढ्याच जोराने रॉड फिरला पाहिजे. चिमटीत पकड घट्ट करावी लागली, बोटाच्या टोकाला पांढरटपणा आला, तर तो टाइट आहे. आणि एक्झॉस्टचा पुसटसा खेळ म्हणजे डोळ्यांना दिसणारी हालचाल नव्हे. बोटाला फक्त 'टिक' लागते. हालचाल दिसायला लागली तर ती जास्त झाली.

आता लावायला घ्या, एका वेळी एकच रॉड.

एक पाना वरच्या षटकोनावर धरून ठेवा. दुसऱ्याने मधला लॉकनट सोडा, पाव फेरी पुरे. लॉकनट सोडताना वरचा भाग धरलेला नसेल तर पूर्ण रॉड पीळ घेतो आणि वरच्या रॉकरच्या टोकावर ताण येतो. आता खालचा अ‍ॅडजस्टर थोडा फिरवा. कोणत्या दिशेला? इथे बाजूने, वाकून बघत काम करताना डावं-उजवं हमखास उलटं होतं, मी अजूनही ते पाठ करत नाही. अ‍ॅडजस्टरच्या पेचाकडे, म्हणजे आट्यांकडे, बघा. पेच जास्त उघडे पडायला लागले तर रॉड लांब होतोय, खेळ कमी होतोय. पेच आत जायला लागले तर खेळ वाढतोय. बस.

आधी मुद्दाम खेळ जास्त करा, म्हणजे रॉड सैल होऊ द्या. मग थोडा थोडा कमी करत या, प्रत्येक वेळी रॉड फिरवून बघा. टाइट बाजूने सैल बाजूकडे आलात तर नेमकी जागा कळत नाही. सैलकडून टाइटकडे येताना खेळ संपल्याचा क्षण बोटाला स्पष्ट लागतो. इनलेटला तिथे थांबा. एक्झॉस्टला त्या क्षणाच्या केसभर आधी थांबा.

आणि आता यातला खरा त्रास. लॉकनट आवळला की सेटिंग हलतं. दर वेळी. नट आवळताना पेचांमधला बारीक ढिलेपणा निघून जातो आणि रॉडची लांबी किंचित बदलते. तुम्ही अगदी बरोबर लावलेला रॉड आवळल्यावर टाइट निघेल किंवा सैल निघेल. पहिल्यांदा करताना मी यावर दीड तास घालवला आणि मला वाटलं की माझ्याच हाताला काहीतरी कळत नाहीये. हाताचा दोष नाही, काम असंच आहे. आवळल्यावर पुन्हा तपासा. टाइट निघाला तर पुढच्या वेळी आवळण्याआधी तेवढाच जास्त सैल ठेवा. दोन-तीन प्रयत्नांत तुमच्या गाडीचा लॉकनट किती फरक पाडतो याचा अंदाज येतो, आणि एकदा आला की दर वेळी कामाला येतो. आता माझा एक रॉड दहा मिनिटांत होतो.

आवळताना वरचा आणि खालचा दोन्ही षटकोन धरून ठेवता आले तर फरक कमी पडतो. दोन हात आणि तीन पाने जमत नाहीत, म्हणून शेजारचा पोरगा किंवा घरातलं कुणीतरी पाच मिनिटांसाठी बोलवा. लॉकनट घट्ट हवा, पण पाना पातळ आहे, त्यावर लटकू नका.

रॉड पूर्ण एक फेरी फिरवून बघा. एका जागी मोकळा आणि दुसऱ्या जागी अडकत असेल तर रॉड वाकलेला आहे किंवा टोकाची वाटी झिजली आहे. तो सेटिंगने बरा होत नाही. रॉड काढून सपाट काचेवर लोळवला की वाक लगेच दिसतो.

8. झाकण्याआधीची तपासणी

चाक फिरवून इंजिनाच्या दोन फेऱ्या पूर्ण करा, पुन्हा कॉम्प्रेशनच्या टीडीसीला या, आणि दोन्ही रॉड परत तपासा. तोच खेळ मिळाला तरच पुढे जा. मी ही तपासणी एकदा आळसाने टाळली होती, सकाळी वेळ नव्हता म्हणून. त्र्यंबकच्या रस्त्यावर अंजनेरीपर्यंत जाऊन परत यावं लागलं, इनलेटचा लॉकनट ढिला राहिला होता.

गॅस्केटची जागा दोन्ही बाजूंनी रॉकेलच्या फडक्याने स्वच्छ करा. नवं गॅस्केट लावा. शेलॅक (गॅस्केटला लावायचा चिकट लेप) लावणार असाल तर कव्हरच्या बाजूला, अगदी पातळ. जास्तीचं शेलॅक आत सुटून तेलाबरोबर फिरतं. कव्हरचा नट जेमतेम घट्ट. गळेल या भीतीने लोक तो करकचून आवळतात, त्याने कव्हर मध्ये दबतं, कडा उचलतात आणि मग तिथूनच गळतं. आधीच दबलेलं कव्हर असेल तर काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर घासून सपाट करता येतं.

प्लग बसवा, गिअर न्यूट्रल. ते विसरू नका, गाडी अजून टॉपमध्ये आहे.

9. सुरू केल्यावर

किकला पहिल्यापेक्षा भक्कम विरोध लागला तर आधी टॅपेट टाइट होते असं समजा. आयडलला ऐका. हलकी टिकटिक यायला हवी. पहिली काही मिनिटं, इंजिन तापेपर्यंत, ती थोडी बदलते. अजिबात आवाज नसेल तर समाधान मानू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर पुन्हा उघडून बघा.

मोठा खणखणीत आवाज आला तर बहुतेक वेळा टीडीसी चुकीचा घेतलेला असतो. गाडी बंद करा, थंड होऊ द्या, सहाव्या पायरीपासून पुन्हा.

हेडचं गॅस्केट बदललं असेल किंवा हेडचे नट आवळले असतील तर टॅपेट त्यानंतर लावायचे, आधी नाही. हेड किंचित जरी खाली बसलं तरी पुशरॉडला ते लागतं. नव्या गॅस्केटनंतर साधारण दोनशे-अडीचशे किलोमीटर चालवून मी नट पुन्हा तपासतो आणि लगोलग टॅपेटही. एरवी तीन हजार किलोमीटरला एकदा कव्हर उघडतो. सप्तशृंगी गडाची किंवा घाटातली मोठी फेरी ठरली असेल तर त्याच्या आधीच्या रविवारी बघून घेतो, मग हिशेबात किलोमीटर बसोत न बसोत.

दर चारशे-पाचशे किलोमीटरला सेटिंग बदलताना दिसलं, तर ते पुन्हा पुन्हा लावत राहू नका. लॉकनटचे पेच गेलेत का ते बघा. ते ठीक असतील तर टॅपेटचं बूड किंवा कॅम झिजतोय, आणि मग टायमिंग कव्हर उघडणाऱ्या माणसाकडे जायची वेळ आली. त्याच्याकडे गाडी आदल्या रात्रीच नेऊन ठेवा, म्हणजे सकाळी तो कव्हर उघडेल तेव्हा इंजिन थंड असेल.